दोन डाव्या बाह्या

आमच्या करडी गावात माझ्या लहानपणी कटिंग हा शब्द फक्त न्हाव्याच्या पत्र्यावर होता. ‘येथे कटिंग दाढी होईल’ असं चुन्यानं लिहिलेलं, आणि पाऊस पडला की त्यातली दाढी आधी धुऊन जायची. कापायला आमच्याकडे शब्दांची काही कमी नव्हती. धान कापायचं, भाजी चिरायची, सुपारी कातरायची, लाकूड फोडायचं. कपड्यासाठी जुन्या बाया ‘बेतणं’ म्हणायच्या. नव्या कपड्याला कोणी ‘कापलं’ म्हटलं तर त्यांना खपत नसे. बेतणं म्हणजे आधी मनात अंदाज बांधायचा आणि मगच कातर लावायची. मला विचाराल तर तो शब्द कटिंगपेक्षा कितीतरी शहाणा आहे. पण बेतणाऱ्या बाईला गावात कोणी विचारत नव्हतं आणि कटिंग येणाऱ्या पोरीला चांगलं स्थळ येत होतं, आता करता काय.

ऐंशी साल लागायला दोनेक वर्षं असतील. मी दहावीच्या गणितात सपशेल आपटले. बाबा म्हणाले, “झालं. आता ये बांधीत रोवण्याले.” म्हणजे धानाच्या शेतात, गुडघाभर चिखलात, कंबर मोडेस्तोवर. मला काही ते आवडलं नाही, पण बोलणार कोणत्या तोंडानं. तेव्हा माय मध्ये पडली. वरठीला माझी आत्या राहायची, तिचे यजमान रेल्वेत होते. आत्यानं मायला सांगितलं होतं की स्टेशनाच्या रस्त्यावर एका बाईंनी कटिंगचा क्लास काढला आहे. मायला कटिंग म्हणजे नेमकं काय ते ठाऊक नव्हतं, पण शब्द इंग्रजी आहे एवढं तिला पुरलं. “पोरीले कटिंग शिकू द्या,” ती बाबांना म्हणाली, “शिवून तं कोणीबी घेते.”

मी आत्याकडे राहायला गेले, आणि गंमत म्हणजे क्लासच्या बाई पहिल्याच दिवशी हेच म्हणाल्या. नागपूरहून डिप्लोमा करून आलेल्या, इस्त्रीच्या पातळातल्या बाई. म्हणाल्या, “शिवतो तो कारागीर, कापतो तो मास्टर.” मूळचा शब्द कट, एवढासा, इंग्रजीतल्या पोराटोरांनाही येणारा. त्याला शेपूट लावलं की कटिंग होतं, आणि ते शेपूट लावायलाच वर्ष लागतं, असं त्यांचं म्हणणं.

वर्ष लागणार यात मला शंका राहिली नाही, कारण बाई कापडाला हात लावू देत नसत. पोळ्यानंतर क्लास सुरू झाला तो आम्ही दहा पोरी जुन्या पेपरांवर ब्लाऊज काढत होतो. पेपरावर पेन्सिलीनं आखायचं, पेपरच कापायचा. बाईंची स्वतःची लांब कातर मखमलीच्या तुकड्यात गुंडाळलेली असायची. कागद कापला की कातरीची धार जाते म्हणून ती आम्हाला बघायला मिळायची, धरायला नाही. आमच्या कातरी आम्ही घरून आणल्या होत्या, बिडीची पानं कापायच्या. “शिमग्यापर्यंत कागद,” बाई म्हणायच्या, “कागद चुकला तर चूल पेटते, कापड चुकलं तर घर पेटतं.” पेपर वाचवायचा म्हणून एकच बाही कापायची, दुसरी समजून घ्यायची.

ही समजून घेतलेली दुसरी बाही पुढे माझ्या जिवावर उठली. पण त्याआधी बिडीचं सांगायला हवं.

आमच्या भागात त्या काळी घरोघरी बाया बिड्या वळायच्या. मी सहा-सात वर्षांची असल्यापासून मायजवळ बसून तेंदूची पानं कापत आले. भिजवलेलं पान मांडीवर घ्यायचं, त्यावर पत्र्याचा चौकोनी फरमा ठेवायचा, भोवती कातर फिरवायची, की पुढचं पान. एकासारखं एक. फरमा कधी पालथा करायचा नाही, डोकं चालवायचं नाही, हात चालवायचा. माझा हात असा चालायचा की शेजारणी बघायला थांबायच्या. बाईंनी तो पहिल्या आठवड्यातच ओळखला. “तुझा हात बिडीचा आहे,” त्या म्हणाल्या, “पळतो छान, पण विचारून पळत नाही.” मला तो तेव्हा कौतुकाचा शब्द वाटला. मूर्ख होते, दुसरं काय.

इकडे करडीत माय गप्प बसली असती तर काही झालं नसतं. पण गप्प बसणं तिच्या पत्रिकेतच नव्हतं. बोडीवर, म्हणजे गावच्या तळ्यावर, धुणं धुताना तिनं आधी सांगितलं, “पोरगी कटिंग शिकून राहिली.” दिवाळीपर्यंत त्याचं “पोरगी कटिंग करते” झालं. आणि संक्रांतीला मी घरी आले तेव्हा गावाला माहीत झालं होतं की वरठीच्या बाया माझ्या दारात ब्लाऊज घेऊन उभ्या असतात. मी मायला म्हटलं, “अवं माय, मी अजून कापड पाहिलंबी नाही.” ती म्हणाली, “मंग पाहाशील. घाई कायची हाये?”

घाई त्याच आठवड्यात आली. नाकाडोंगरीचं स्थळ पाहायला आलं.

मुलगा, त्याची आई आणि मध्ये पडलेले एक लांबचे मामा. मुलगा तिकडे मॅंगनीजच्या खदानीत कामाला होता. पोहे खाताना तो शेंगदाणे एकेक करून बशीच्या काठाला लावत होता आणि शेवटी सगळे मिळून खात होता. मला वाटलं, चांगल्याची वाट पाहता येणारा माणूस आहे. आवडला मला. आता या वयात लाजून काय करू, चांगलाच आवडला.

त्याची आई मात्र वेगळंच प्रकरण. उंच, सडसडीत, आणि आवाज असा की पडवीत बोलली तर मागच्या आवारातल्या कोंबड्या उडाव्यात. माय कटिंगचं पुराण सांगत होती, ती ऐकत होती. सगळं ऐकून झाल्यावर तिनं आपल्या पिशवीत हात घातला आणि एक ब्लाऊजपीस काढून माझ्यापुढे ठेवला. जांभळा, त्यावर पांढरी बारीक फुलं. येता येता तुमसरच्या बाजारात घेतलेला.

“हे घे पोरी. माझं माप घे अन् कर कटिंग. मलेबी पाहू दे.”

मला खरं सांगता आलं असतं. बाई अजून कागदच कापायला लावतात, एवढंच सांगायचं होतं. पण मी मायकडे पाहिलं. तोंड तिनं वर ठेवलं होतं, बोटं मात्र पदराचं टोक पिळत होती. गावभर केलेल्या सगळ्या बढाया त्या पदरात होत्या. मी म्हटलं, “टेप आणते.”

माप घ्यायचं म्हणून पुरुष माणसं पडवीत जाऊन बसली. मी छाती, खांदा, उंची, दंड, सगळं घेतलं. हात कापत होता, पण आकडे पाठ होते. पिशवीतल्या पेपरावर आखलं, पेपर कापला, इथवर क्लासच होता. मग चटईवर तो जांभळा पीस अंथरला आणि बिडीची कातर घेतली. पहिला काप दिला तेव्हा कापडाचा आवाज ऐकून दचकले, कारण कागद खरखरतो आणि कापड कुजबुजतं. पाठ निघाली. पुढचे दोन्ही भाग निघाले. माझा जीव जरा खाली बसला, आणि जीव खाली बसला की आमचा हात पळायला लागतो.

बाह्यांसाठी दोन तुकडे उरले होते. एकावर कागदाची बाही ठेवली, भोवती कातर फिरवली. उचलली, दुसऱ्यावर ठेवली, भोवती कातर फिरवली. एकासारखी एक. तेंदूचं पान असतं तर मायनं पाठ थोपटली असती.

“वा,” ती उंच बाई म्हणाली, “हात काय चालते वं पोरीचा.” माय तर अशी बसली होती की गणपतीच्या बाजूला गौर.

तुकडे गोळा करताना मी एक बाही दुसरीवर ठेवली. दोन्हींची फुलं वर, आणि कड अगदी कडेवर बसली. तिथं माझं पाणी पाणी झालं. बाहीला पुढची बाजू वेगळी असते आणि मागची वेगळी. काखेपाशी पुढून जास्त खोलगट काढायची असते. त्यामुळे डावी आणि उजवी बाही एकमेकींसमोर आरशात पाहिल्यासारख्या दिसायला हव्यात. त्यासाठी दुसऱ्या वेळी कागद पालथा घालायचा. मी घातला नव्हता. पेपराला दोन्हीकडून छापलेलं, त्याला ना उलट ना सुलट. क्लासमध्ये दुसरी बाही कधी कापलीच नव्हती, ती समजून घेतली होती. माझ्या हातात दोन डाव्या बाह्या होत्या.

बोलायला तोंड उघडलं तोवर त्या बाईनं सगळे तुकडे रुमालात बांधले होते. “मशीन नाही दिसत तुमच्याकडं. आमच्या गावी बाजारात टेलर मास्तर बसते, त्याच्याकडून शिवून घेतो,” म्हणाली. आणि निघाली. म्हणजे मी माझ्या हातानं माझ्याविरुद्धचा पुरावा बांधून दिला होता, आणि तो आता एका मास्तरच्या पुढ्यात जाणार होता.

पाहुणे वळणावर दिसेनासे झाले तसं मी मायला सांगितलं. तिला आधी कळेना.

“दोन्ही डाव्या म्हंजे? डाव्या त डाव्या. हातात जातात ना?”

“एक जाईल. दुसरी काखेत अडकंल.”

“मंग ते उलटी करून लाव म्हणावं.”

“माय, उलटी केली तं फुलं आतून जातात. बाहेरून फिकं कापड दिसंल.”

माय चुलीतला विस्तव हलवायला लागली. मग म्हणाली, “मीच मेली बोलघेवडी.” तिनं स्वतःला दोष दिलेला मी त्या दिवशी पहिल्यांदा ऐकला, आणि मला ते बिलकुल आवडलं नाही. त्यापेक्षा मला दोन थापडा दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

पुढचे दोन महिने नाकाडोंगरीकडून ना होय आलं, ना नाही. माय बोडीवर भर दुपारी जायला लागली, बाया घरी गेल्यावर. मी वरठीला परतले आणि बाईंना सगळं सांगून टाकलं. मला वाटलं क्लासमधून काढतील. त्यांनी पेपरांचा गठ्ठा पुढ्यात टाकला आणि म्हणाल्या, “चाळीस जोड्या. डावी, उजवी. मोजून.” मी आत्याच्या घरी बसून बाह्या कापायची. आत्याच्या डब्यांखाली बाह्या, फळीवर बाह्या, मीठमसाला बांधायला बाह्या. चाळीस जोड्या झाल्या तोवर माझा बिडीचा हात कागद पालथा घालायला शिकला. पण त्याचा आता उपयोग काय, असं वाटून मध्येच हुंदका यायचा. बशीच्या काठावरचे ते शेंगदाणे डोळ्यापुढून जात नव्हते.

शिमग्यानंतर ते मध्यस्थ मामा सायकलवर आले. चहा पिऊन झाल्यावर सहज सांगितल्यासारखं म्हणाले, “पोरगी पसंत हाये. वैशाखात करून टाका म्हणतात.”

मायला विश्वास बसेना. “कटिंगचं काही बोलल्या का?”

“कटिंग? कायची कटिंग?” मामा म्हणाले, “मले काही मालूम नाही बा.”

लग्न झालं. मी नाकाडोंगरीला आले. आमच्याकडे सासूला मामी म्हणतात, तर मामींनी माझं सगळं नीट केलं, पण त्या रुमालाबद्दल अवाक्षर नाही. मी समजले की मास्तरनं काहीतरी सांधून दिलं असेल, किंवा बांधून तसाच पडला असेल. नवी नवरी कशाला विचारते. यांना विचारलं की मला पसंत करायला इतके दिवस का लागले. तर म्हणाले, “मी तं पोहे खातानाच ठरवलं होतं. मले कोणी विचारलंच नाही.”

पंधरा दिवसांनी एका दुपारी मामींनी पेटीतून तो रुमाल काढला आणि माझ्यापुढे ठेवला. गाठ तीच, करडीत मारलेली वाटावी अशी.

“हे शिवून दे आता.”

पुन्हा एकदा खोटं बोलता आलं असतं. पण मायच्या बढाया वाहून मी थकले होते. म्हटलं, “मामी, याच्या दोन्ही बाह्या डाव्या हायेत. माझी चूक झाली. त्या दिवशी मी पहिल्यांदा कापड कापलं.”

“मालूम हाये,” मामी म्हणाल्या.

मग त्या सांगायला बसल्या. करडीहून निघताना त्यांच्या मनात माझं काहीच पक्कं नव्हतं. आणखी एक पोरगी पाहिली होती, माझ्याहून उजळ, दहावी पास. मन तिकडेच जास्त. शेवटी शिमग्याच्या बाजाराला त्या रुमाल घेऊन टेलर मास्तरकडे गेल्या. मास्तरनं तुकडे पाहिले आणि हसायलाच लागला. बाह्या दोन्ही हातात धरून येणाऱ्या-जाणाऱ्याला दाखवायला लागला. “काकी, कोण्या पोरीनं कापलं हे? दोन डाव्या हातांच्या बाईचं माप होतं काय?” बांगडीवाली हसली, भाजीवाला हसला.

“मले असा राग आला,” मामी म्हणाल्या. “पोरीनं माझ्यासमोर मान खाली घालून कापलं होतं. हात कापत होता तिचा, मी पाहिलं ना. हासायले का झालं? मी म्हटलं, काहून हासून राहिला गा? माझ्या सुनेले हासतं का?”

बोलता बोलता मामींनी रुमालाची गाठ सोडली.

“तोंडातून निंघून गेलं. सून म्हणून. अख्ख्या बाजारानं ऐकलं. मंग काय करतं? बोललेला शब्द वापस घेता येते का? घरी आली अन् तुझ्या सासऱ्याले सांगतलं, करडीचीच करू.”

मला हसावं की रडावं कळेना, म्हणून मी दोन्ही केलं. मामींनी पाणी आणून दिलं आणि म्हणाल्या, “आता बाहीचं पाहा.”

कापड तर उरलं नव्हतं. माझ्या लग्नातल्या हळदीच्या ब्लाऊजचा एक पिवळाधमक तुकडा तेवढा होता. मी म्हटलं, “मामी, हा जोडला तर रंग वेगळा दिसेल. डावीकडं असती तर पदराखाली झाकली असती. पण डाव्या तर दोन हायेत, पाहिजे उजवी. उजवा हात उघडा राहते.”

“राहू दे उघडा,” मामी म्हणाल्या.

मशीन नव्हती. हातशिलाईनं तीन दुपारी लागल्या. पिवळ्या तुकड्यावर कागद ठेवला, आणि कातर लावायच्या आधी तो पालथा घातला, पुन्हा सुलट केला, पुन्हा पालथा घातला. मामी म्हणाल्या, “काय खेळून राहिली?” मी म्हटलं, “बेतून राहिले.” बाही एकदम बरोबर बसली. जांभळ्या ब्लाऊजला एक पिवळा हात.

पुढच्या बाजाराला मामी तोच ब्लाऊज घालून निघाल्या. मी म्हटलं, “घरी घाला ना, बाजारात कायले?” त्यांनी ऐकलं नाही. माझ्या हातात पिशवी दिली आणि सरळ टेलर मास्तरच्या मशीनपुढे जाऊन उभ्या राहिल्या. डोक्यावरचा पदर सारखा करायला उजवा हात वर. कपाळावरचा घाम पुसायला उजवा हात वर.

मास्तरनं पाहिलं. बांगडीवालीनं पाहिलं. मास्तर म्हणाला, “काकी, हे बाही...”

“सुनेनं कटिंग केली माझ्या,” मामी म्हणाल्या, आणि त्यांच्या त्या आवाजात सांगितलेलं पार बाजाराच्या टोकापर्यंत गेलं. “पाह्य, कुठं ओढते काय. अन् तू केलेल्याचं काय गा? मागच्या वर्षी शिवला तो अजून काखेत काचते.”

आता बाजार मास्तरला हसला.

मग त्यांनी मला भाजीपासून मिठापर्यंत प्रत्येक दुकानापुढे उभं केलं, आणि प्रत्येक ठिकाणी वस्तू दाखवायला उजवाच हात लांब केला. मी पिशवी धरून मागे चालत होते, खाली मान घालून. लाजेनं नाही. डोळे भरले होते आणि ते त्या बाजारात कोणाला दाखवायचे नव्हते. लग्नाला तीन आठवडे झाले होते, पण त्या गावात माझं माणूस आहे हे मला त्या दिवशी कळलं.